शेजारच्या दोन गावांत एकाच साथीचा परिणाम इतका वेगळा का झाला?

घाटमाथा (प्रश्न)

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. आमच्या ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातील आरोग्याचा भाग लिहिण्याचे काम यंदा माझ्याकडे आले असून, त्यात पुढच्या साथीच्या पूर्वतयारीविषयी काहीतरी ठोस असावे असा ग्रामसभेचा आग्रह आहे. ते लिहायला बसलो तेव्हा कोरोनाच्या काळातील एक कोडे पुन्हा समोर आले. त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही, म्हणून येथे विचारत आहे.

आमचे गाव आणि शेजारचे गाव यांच्यामध्ये एक ओढा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र एकच, आठवड्याचा बाजार एकच, मोठ्या दवाखान्यासाठी दोघांनाही विट्याचाच रस्ता. जनगणनेतील लोकसंख्याही जवळपास सारखी. तरीही २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गावात एकामागोमाग एक माणसे गेली आणि ओढ्यापलीकडे ताप घरोघर फिरूनही गेलेली माणसे मोजकीच राहिली. ‘ती माणसे रानात राबणारी, अंगाने काटक, म्हणून वाचली’ असे आमच्याकडे अजूनही सांगितले जाते. मला हे पटत नाही, कारण आमची म्हातारी माणसेही आयुष्यभर रानातच राबलेली होती.

दोन्ही गावांतला फरक जेवढा मला दिसतो तेवढा सांगतो. आमच्या गावातील बहुतेक घरांमधून कोणी ना कोणी गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी बाहेर आहे. तमिळनाडू, केरळ, बंगाल, दिल्ली, जिथे सराफ पेठ आहे तिथे आमची माणसे आहेत. त्यांनी गावात मोठी घरे बांधली आहेत, पण त्या घरांत राहतात ते आई-वडील किंवा एकटी आईच. मुले, सुना आणि नातवंडे यात्रेला, लग्नाला आणि मातीला येतात. पलीकडच्या गावाला टेंभू योजनेचे पाणी मिळाल्यापासून तिथे ऊस, द्राक्षे आणि दुभती जनावरे वाढली. माणसे गावठाण सोडून रानातल्या वस्त्यांवर एकत्र कुटुंबांत राहतात आणि तरुण पोरे गावातच आहेत.

म्हणजे आमच्याकडे मोठी, मोकळी घरे आणि थोडी माणसे, तर तिकडे एका छपराखाली दहा-बारा जण. गर्दीने साथ वाढते हे सगळ्यांनी ऐकले आहे. मग हिशेब उलटा का आला? कृपया ‘नशीब’ किंवा ‘प्रतिकारशक्ती’ यांच्या पुढे जाणारे काही सांगावे.

माणदेशी गटप्रवर्तक

सर, मी शेजारच्याच भागात आशा स्वयंसेविकांची गटप्रवर्तक म्हणून काम केले आहे, त्यामुळे आपण वर्णन केलेली दोन्ही प्रकारची गावे मी पायी फिरून पाहिलेली आहेत. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दूध संकलन केंद्रात आहे.

ज्या गावात दूध आहे, त्या गावात प्रत्येक घरातले एक माणूस सकाळ-संध्याकाळ केंद्रावर येते. साथीच्या दिवसांत आम्हाला त्या केंद्राची फार भीती वाटत असे, कारण किटल्या घेऊन एका रांगेत उभी असलेली माणसे एकमेकांना आजार देणार हे उघड होते आणि तसे झालेही. पण त्याच केंद्रावर अमुक वस्तीवरचे दूध आज आले नाही, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळत असे. दूध का आले नाही याची चौकशी व्हायची, मग आमच्या आशाताईला फोन यायचा आणि ती ऑक्सिमीटर घेऊन वस्तीवर पोहोचायची. ज्या वाटेने आजार आला त्याच वाटेने आजाराची बातमीही आली. तरण्या माणसाकडे मोटारसायकल होती, त्यामुळे बातमीपाठोपाठ रुग्णही दवाखान्यात पोहोचला.

गलाईच्या गावात आजार येण्याची वाट वेगळी आणि बातमी जाण्याची वाट वेगळी होती. आजार आणणारी वाट हंगामी असते. बाहेरगावची शहरे बंद होऊ लागली की मुले कुटुंबासह गावी येतात, चैत्रातल्या यात्रा येतात, लग्ने येतात आणि एक मृत्यू झाला की मातीला, सावडायला आणि दहाव्याला भावकी जमते. त्या चार-आठ दिवसांत आजार घरात शिरतो. पण रोज दार उघडून ‘मावशी, आज चूल का पेटली नाही’ असे विचारणारे तिथे कोणी नसते, कारण शेजारच्या बंगल्याला कुलूप असते. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली तेव्हा आमच्या आशाताई घरोघर तापमान आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडून त्यांना ठरलेले उत्तर मिळे, ‘मला काही झाले नाही, बाळे, पुढच्या घरी जा.’

या नकारामागे अडाणीपणा होता असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या भीतीला कारण होते. रुग्ण ठरले की नेतील, नेल्यावर भेटायला कोणी येऊ शकणार नाही आणि काही बरेवाईट झाले तर तोंडही बघायला मिळणार नाही, हे त्यांनी आजूबाजूला पाहिलेले होते. मे २०२१ च्या अखेरीस शासनाने अठरा जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करण्याचा निर्णय घेतला आणि त्यात आपला सांगली जिल्हाही होता. मोठ्या घरात संसर्ग थांबवायला तो निर्णय उपयोगाचा होता, पण एकट्या म्हातारीच्या बाबतीत त्याचा परिणाम उलट झालेला मी पाहिला आहे. तिच्याकडून संसर्ग घेणारे घरात कोणीच नव्हते आणि नेले जाण्याच्या भीतीने ती दुखणे अंगावर काढत राहिली. श्वास लागल्यावर मग धावपळ झाली आणि तोपर्यंत तालुक्याला खाट मिळेनाशी झाली होती.

आपल्या आराखड्यात लोकसंख्येचा तक्ता असेलच. त्याच्या शेजारी कोणाच्या दारात रोज कोण जाते, याचाही तक्ता करा, अशी माझी विनंती आहे.

अंकमोजणी

गटप्रवर्तक ताईंचे निरीक्षण मोलाचे आहे. त्याला आकड्यांची एक बाजू जोडतो, कारण मूळ प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. किती जणांना संसर्ग झाला हा एक आणि संसर्ग झालेल्यांपैकी किती जण दगावले हा दुसरा. समाजाचे एखादे वैशिष्ट्य पहिली संख्या वाढवते, म्हणजे ते दुसरीही वाढवेलच असे नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुंबईचे आहे. जुलै २०२० मध्ये महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून शहरातील तीन प्रशासकीय विभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली. सुमारे ७,००० नमुने घेतले गेले. झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले आणि इमारतींमधील वस्तीत हेच प्रमाण सुमारे १६ टक्के होते. अंतर एवढे मोठे असण्याचे एक प्रमुख कारण पाहणी करणाऱ्यांनीच नोंदवले होते, ते म्हणजे दाट वस्ती आणि सामायिक शौचालये व पाणवठे. घरात बसा असे सांगणे सोपे आहे, पण ज्याचे शौचालय घराबाहेर आहे त्याला दिवसातून काही वेळा बाहेर पडावेच लागते. म्हणजे गर्दीने संसर्ग वाढतो, हे आपण ऐकलेले खरेच आहे.

परंतु संसर्ग झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण झोपडपट्ट्यांमध्ये फार कमी निघाले, अगदी हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. याचे एक मोठे कारण वयाचे आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये कामासाठी आलेली तरुण माणसे अधिक असतात आणि त्यांचे आई-वडील बहुधा गावाकडे असतात. आता हेच वाक्य आपल्या गावाच्या बाजूने वाचून पाहा. गलाईवाल्याची तरुण पिढी परमुलखात आणि सत्तरीच्या पुढची पिढी गावात, म्हणजे शहराला जे तारुण्य मिळाले ते आपल्या गावातून वजा झालेले आहे. कोविडचा धोका वयाबरोबर इतक्या वेगाने चढतो की एका घरात दहा तरुण आजारी पडले तरी जेवढा धोका निर्माण होत नाही, तेवढा एका ऐंशी वर्षांच्या माणसाला संसर्ग झाल्यास निर्माण होतो. जनगणनेतील एकूण लोकसंख्या सारखी असली तरी वयवार आकडे काढल्यास आपली दोन गावे कागदावरही सारखी राहणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. त्यातच २०११ नंतरची जनगणना साथीपूर्वी झालेली नव्हती, त्यामुळे टेंभूच्या पाण्याने आणि स्थलांतराने मधल्या काळात काय बदलले, ते त्या आकड्यांत दिसणारही नाही.

धारावीचा उल्लेख होणारच, म्हणून तोही करतो. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा अडीच चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेत लाखो माणसे राहणाऱ्या त्या वस्तीबद्दल सर्वांनी भीषण भाकिते केली होती. एका खोलीत आठ जण राहतात तिथे घरातले विलगीकरण अशक्य आहे हे पालिकेने लवकर मान्य केले, शाळा आणि क्रीडासंकुले त्यासाठी घेतली, आणि गल्लीतल्या खासगी डॉक्टरांना तपासणीत सामील केले. लोक ज्या डॉक्टरकडे वर्षानुवर्षे जातात त्याच्यासमोर ताप लपवत नाहीत. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेतले ते याच प्रयत्नांसाठी. त्याचबरोबर, मे महिन्यात मोठ्या संख्येने कामगार गावी परतल्याने वस्ती विरळ झाली होती, हेही विसरता येणार नाही. मुंबईची गर्दी त्या महिन्यांत आपल्यासारख्या गावांकडे सरकली होती.

दप्तरखाना

अंकमोजणी यांच्या मांडणीशी मी सहमत आहे, पण एक इशारा द्यावासा वाटतो. ‘तरुण वस्ती म्हणजे सुरक्षित वस्ती’ असा निष्कर्ष आराखड्यात लिहू नये, कारण तो त्या एका विषाणूपुरता खरा आहे. मी १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा अभ्यास करतो आणि त्या साथीने नेमकी वीस ते चाळीस वयाची माणसे नेली.

त्या वर्षी जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि तिथून साथ शहरात पसरली. पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वेळी नोंदी समाजवार ठेवल्या जात, म्हणून आज आपल्याला तो फरक आकड्यांत पाहता येतो. युरोपीयांमध्ये दर हजारी ८.३, पारशांमध्ये ९, मुसलमानांमध्ये १९.२, सवर्ण हिंदूंमध्ये १८.९ आणि ज्यांना त्या दप्तरात ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटले आहे त्यांच्यामध्ये ६१.६. शहर एकच आणि विषाणूही एकच, तरीही एका समाजात दुसऱ्याच्या सातपट मृत्यू. हे वाचताना आजही हात थांबतो.

हा फरक शरीराचा नव्हता. एका खोलीच्या चाळी, आधीच घेरलेले मलेरियासारखे आजार, त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेल्यामुळे वाढलेले धान्याचे भाव आणि एक दिवस काम चुकले तर चूल न पेटणारी घरे, यांचा तो एकत्रित हिशेब होता. जिथे शुश्रूषा मिळाली, म्हणजे कोणीतरी पाणी पाजले, पेज भरवली आणि अंथरुणावर पडून राहण्याची मुभा दिली, तिथे माणसे वाचण्याची शक्यता वाढत होती. एका खोलीतली सगळीच माणसे एकदम आडवी झाली की पाणी द्यायलाही कोणी उरत नसे. देशभरात त्या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यू जास्त झाले. घरातली शुश्रूषा स्त्रीने करायची आणि ती स्वतः पडली की तिची शुश्रूषा करणारे कोणी नाही, हे त्याचे एक कारण मला नेहमीच महत्त्वाचे वाटत आले आहे. भारतातील एकूण मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आणि त्याही पुढे जातात. १९११ ते १९२१ हे देशाची लोकसंख्या घटलेले एकमेव दशक ठरले ते मुख्यतः याच साथीमुळे.

तेव्हा १९१८ सारखा आजार उद्या आला तर ओढ्यापलीकडचे गाव, जिथे तरुण माणसे दाटीने राहतात, अधिक होरपळेल आणि आपले गाव कदाचित वाचेल. गटप्रवर्तक ताईंनी मांडलेला मुद्दा मात्र दोन्ही साथींना लागू पडतो. आजारी माणसाजवळ दुसऱ्या दिवशी कोण असेल, या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांत बदललेले नाही.

मोसमकाठ

मी मालेगावचा आहे. येथे ‘बातमी’ या शब्दावर सगळ्यांनी भर दिला आहे, म्हणून आमच्या शहराचा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. बातमी असूनही ती सरकारपर्यंत पोहोचू न देण्याचा निर्णय समाज घेऊ शकतो.

मोसम नदीच्या पूर्वेला यंत्रमागांचे मालेगाव आहे. दाटी तिथे आहे, दारिद्र्यही आहे, पण एकटेपणा अजिबात नाही. कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे गल्लीला तासाभरात कळते. एप्रिल २०२० मध्ये आरोग्य कर्मचारी याद्या घेऊन घरोघर आले तेव्हा नागरिकत्वाच्या कायद्यावरची आंदोलने होऊन काही महिनेच झाले होते. नाव, वय आणि घरातली माणसे विचारणारा प्रत्येक कागद त्या संशयाने पाहिला गेला आणि लोकांनी दारे लावून घेतली. शहरातले खासगी दवाखाने त्याच वेळी बंद झाले होते. त्यामुळे मधुमेहाचे, हृदयविकाराचे आणि दम्याचे रुग्णही उपचाराविना राहिले. त्या महिन्यात कब्रस्तानातील दफने आदल्या वर्षीच्या तुलनेत फार वाढली होती आणि त्यांतील सगळीच कोरोनाची होती असे कोणालाही सांगता येणार नाही.

चित्र बदलले ते इथल्याच डॉक्टरांनी दवाखाने उघडल्यावर आणि मौलानांनी तपासणीसाठी आवाहन केल्यावर. दुसऱ्या लाटेत आमच्याकडे रुग्ण इतके कमी दिसले की त्याचा अभ्यास करावा, अशी चर्चा राज्य पातळीवर झाली. पहिल्याच लाटेत बहुतेकांना संसर्ग होऊन गेला असावा, असे मला वाटते. पण अविश्वास पूर्ण गेला नव्हता, कारण त्याच वर्षी लसीकरणात मालेगाव फार मागे राहिले. घाटमाथा सर, आपल्या तक्त्यात रोज दारात जाणारा माणूस लिहाल तेव्हा त्याच्यापुढे आणखी एक रकाना ठेवा आणि त्यात त्या घराचा त्याच्यावर विश्वास आहे का, हे लिहा.

घाटमाथा

सर्वांचा अत्यंत ऋणी आहे. वाचताना मला माझ्या समोरच्या घरातल्या काकूंची आठवण होत राहिली. त्यांचा मुलगा कोइमतूरला असतो. त्या रोज संध्याकाळी अंगणात खुर्चीवर बसून त्याला फोनवर ‘मी बरी आहे’ असे सांगत आणि ते मला माझ्या ओट्यावर ऐकू येत असे. शेवटच्या आठवड्यातही त्या तेच सांगत होत्या, फक्त अंगणातून न सांगता घरातून सांगत होत्या. त्या अंगणात का येत नाहीत, हे विचारायला मी गेलो नाही. त्या दिवसांत कोणाकडे न जाणे हेच शहाणपण समजले जात होते आणि मीही तसेच समजलो.

काल ग्रामसेवकांबरोबर बसून मतदार यादीवरून वयवार मोजणी सुरू केली. अंकमोजणी यांचा अंदाज आमच्या गावापुरता तरी बरोबर दिसतो, कारण यादीतील तरुण नावांपैकी बरीच माणसे प्रत्यक्षात गावात नाहीत. आता घरनिहाय तक्ता करायचा आहे. गटप्रवर्तक ताई, दूध नसलेल्या गावात रोजची चौकशी कोणी करावी, असे आपल्याला वाटते? आशाताई एकच आहेत आणि त्यांच्यावर आधीच फार भार आहे.

माणदेशी गटप्रवर्तक

सर, आशाताईवर हे टाकू नका. आपल्या गावात बचत गट असतील, त्यांतल्या बायकांना एकमेकींची घरे माहीत असतात. पाणी सोडणारा कर्मचारी रोज प्रत्येक गल्लीत जातो आणि कोणत्या नळाखाली आज हंडा लागला नाही, हे त्याला दिसते. आमच्या एका गावात त्यालाच तीन-चार घरांची नावे सांगून ठेवली होती. एका सकाळी एका नळाचे पाणी तसेच वाहत असलेले त्याला दिसले. त्याने आत जाऊन पाहिले आणि त्या आजी दुपारपर्यंत ऑक्सिजनवर होत्या. त्या आजही आहेत.

बाहेरगावी असलेल्या मुलांचे फोन क्रमांक त्याच तक्त्यात लिहून घ्या. पण त्यांना फोन करण्याआधी त्या घरातल्या माणसाला विचारून घ्या. ‘लेकाला कळवू नका’ असे सांगणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांच्या मनाविरुद्ध एकदा कळवले गेले, तर पुढच्या वेळी त्या आपल्यालाही दार उघडणार नाहीत.